उपमानाच्या जागी आपण

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटापुढे केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातले काही संदर्भ गाळले आहेत, बाकी तसंच ठेवलं आहे.)



तुमच्यापैकी तिघांचे फोन आले होते. ताई, स्पर्धा परीक्षेच्या मराठीच्या पेपरला अलंकारांवर प्रश्न येतात, पाठ केले तरी उपमा कुठली आणि उत्प्रेक्षा कुठली यात गोंधळ होतो, एकदा समजावून सांगा. मी समाजशास्त्राची. मराठीच्या कुठल्याही प्राध्यापकाला हे माझ्याहून चांगलं सांगता येईल. तरी मी हो म्हणाले, कारण अलंकारांशी माझा एक जुना हिशोब बाकी आहे.

दहावीला आम्हाला अलंकार होते. मुख चंद्रासारखं, डोळे कमळासारखे, चाल हंसासारखी. आमच्या गावात कमळ नव्हतं. हंस मी अजूनही पाहिलेला नाही. चंद्र होता, पण चंद्रासारख्या तोंडाचं कुणी आमच्या गल्लीत राहत नव्हतं. मी व्याख्या पाठ केल्या, उदाहरणं पाठ केली, पाचपैकी पाच मार्क मिळवले आणि विसरून गेले. अलंकार म्हणजे दागिने, आणि दागिने ज्यांच्या घरी असतात त्यांच्या घरचा हा विषय, असं माझं पक्कं मत झालं होतं.

ते मत चुकीचं होतं हे कळायला फार वर्षं लागली. माझी आजी वैशाखात रानातून अनवाणी यायची. आम्ही जातीनं चांभार, बाप आणि आजा दोघं पायताणं शिवणारे, आणि आजीच्या पायात काही नसायचं. ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडं नंतर येऊ. ओट्यावर टेकली की ती म्हणायची, ‘भुई तव्यावानी तापलीय गं.’ एवढंच वाक्य धरा. भुईचं वर्णन चाललंय, म्हणून भुई हे उपमेय. तवा हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ते. तापणं हा दोघांतला समान धर्म. ‘वानी’ हा साम्य सांगणारा शब्द. चारही हजर आहेत. ही पूर्ण उपमा झाली, आणि आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती.

आता हेच वाक्य थोडं थोडं हलवू या. ‘भुई जणू तवाच’ म्हटलं की ती उत्प्रेक्षा. सारखेपणा ओलांडून आपण तोच असावा अशी कल्पना केली. ‘भुईचा तवा झालाय’ म्हटलं की रूपक. दोघं एकच झाले. ‘ही भुई नव्हं, तवा हाय’ म्हटलं की अपन्हुती. उपमेयाला नाकारून त्याच्या जागी उपमान आणून बसवलं. ‘तवा बरा, पण ही भुई नको’ म्हटलं की व्यतिरेक; उपमेय उपमानाच्या वरचढ निघालं. आणि ‘असली भुई फक्त आपल्याच रानाची’ म्हटलं, म्हणजे तुलनेला दुसरं काही उरलंच नाही, की तो अनन्वयाच्या जवळ गेला. परीक्षेसाठी एवढं पुरेल. आजीचं हे एक वाक्य लक्षात ठेवा, व्याख्या पाठ करायची गरज पडणार नाही.

माझा हिशोब पुढचा आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. परिसंवादात एका गावाच्या सर्वेक्षणावर निबंध वाचला जात होता. मी विचारलं की गावात विहिरी किती आहेत हे तुम्ही लिहिलंय, पण कुठल्या विहिरीवर कोण पाणी भरतं हे लिहिलेलं नाही. बोअर कुणाच्या दारात आहे? टँकर आधी कुठं थांबतो? तिसऱ्या प्रश्नाला अध्यक्षस्थानी बसलेले प्राध्यापक हसले आणि म्हणाले, ‘अहो, किती चांभारचौकशा कराल!’ सगळे हसले. मीही हसले. ते हसणं अजून माझ्या तोंडावरून पुरतं पुसलेलं नाही.

आता नीट पाहा. सरांना माझी जात माहीत नव्हती. माझ्या आडनावावरून ती कळत नाही. मला हिणवण्याचा त्यांचा काहीही इरादा नव्हता, हे मी आजही मान्य करते. मला खुपलं ते नेमकं हेच. शिवी दिली असती तर निदान त्या वाक्यात मी असते. इथं माझे आजे-पणजे वाक्यात होते ते कशासाठी? ‘निरर्थक, नसती चौकशी’ कशी असते हे दाखवायला. त्या वाक्यात उपमेय माझा प्रश्न होता. उपमान आमची जात होती.

उपमानाचा एक नियम आहे, तो पुस्तकात ठळक अक्षरात द्यायला हवा होता. उपमान हे सगळ्यांना आधीच माहीत असावं लागतं. मुख चंद्रासारखं आहे म्हणताना चंद्र खरंच सुंदर आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उपमा कोसळते. मुखाबद्दल काहीतरी नवं कळतं. चंद्राबद्दल काहीच कळत नाही, त्याच्याबद्दलचं ठरून गेलेलं असतं. चांभारचौकशी म्हणताना चांभार कशाची चौकशी करतो, का करतो, ती निरर्थक असते का, हे विचारायचं नसतं. धेडगुजरी म्हणताना धेड कोण, त्यांची भाषा कशी, हे विचारायचं नसतं. मराठी शुद्ध ठेवा असं सांगणारे लोक अशुद्ध मराठीला ‘धेडगुजरी’ म्हणतात आणि त्यांना त्यात काही अशुद्ध दिसत नाही.

हे फक्त मराठीत आहे असंही नाही. तुम्ही समाजशास्त्रात मॅक्स वेबर वाचता. त्यानं ज्यू लोकांसाठी ‘पॅरिया लोक’ अशी संज्ञा वापरली. इंग्रजी वर्तमानपत्रं एखाद्या देशाला जगानं वाळीत टाकलं की त्याला ‘पॅरिया’ राष्ट्र म्हणतात. हा शब्द तमिळ भूमीतल्या परैयर जातीच्या नावावरून गेला. ‘परै’ म्हणजे तिथलं चामड्याचं वाद्य. एका जातीचं नाव जगभर फिरतंय, परिषदांमध्ये, अग्रलेखांमध्ये. आणि ज्यांचं ते नाव आहे त्यांच्याविषयी त्या वाक्यांत एक अक्षर नसतं. तुलना ज्याची करायची तो दुसराच कुणी असतो. आपण उपमान.

इथं कुणीतरी म्हणेल, अहो, म्हणी सगळ्यांवरच आहेत. भटावर आहेत, कुलकर्ण्यावर आहेत, सोनारावर, वाण्यावर आहेत. आहेत, खरंय. मला त्या पाठही आहेत. पण कुलकर्ण्याच्या लबाडीवरच्या म्हणीमुळं कुठल्या कुलकर्ण्याला शहरात खोली मिळायची थांबली असं मी ऐकलेलं नाही. कुणाच्या हसण्याला पाठीमागं काय उभं आहे, ते पाहावं लागतं.

आता लक्षणा. शब्दाच्या तीन शक्ती तुम्ही पाठ केल्यात: अभिधा, लक्षणा, व्यंजना. सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ जुळेना म्हणून त्याला लागून असलेला अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा. आणि त्याच्याही मागं जे सुचवलं जातं ती व्यंजना. काव्यशास्त्रात याचं एक ठरलेलं उदाहरण आहे, अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तही ते येतं: गंगेवर गवळ्यांची वाडी आहे. आता वाडी पाण्यावर कशी असेल? म्हणून अर्थ घ्यायचा, गंगेच्या काठावर. ही लक्षणा. मग ‘काठावर’ असं सरळ न म्हणता ‘गंगेवर’ का म्हटलं? तर त्या जागेचा थंडावा आणि पावित्र्य सुचवायचं होतं म्हणून. ही व्यंजना.

शेकडो वर्षं पंडित या एका वाडीवर वाद घालत आले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, गंगेच्या काठी वाडी असली की पावित्र्य सुचतं. आमची वाडीही ओढ्याच्या काठालाच होती, गावाच्या खालच्या अंगाला. तिच्यावरून काय सुचायचं ते सगळ्या गावाला न सांगता कळायचं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण व्यंजना पाटी बदलून जात नाही. रिक्षावाल्याला नवं नाव सांगा, तो एकदा आरशात बघतो.

लक्षणेचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, आणि ते आपण रोज बोलतो. ‘गाव’ हा शब्द. ‘गावानं मंदिर बांधलं.’ ‘गावानं बैठक घेतली.’ ‘गाव जेवायला होतं.’ या वाक्यांत गाव म्हणजे गावातली माणसं, ही साधी लक्षणा झाली. पण कुठली माणसं? ‘गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला’ हे वाक्य उच्चारून बघा. जनगणनेत वस्ती गावातच मोजतात. ग्रामपंचायतीच्या यादीत आमची नावं आहेत, घरपट्टीच्या वहीत तर नक्कीच. तरी हे वाक्य कुणालाही चुकीचं वाटत नाही, आम्हालाही नाही. माझी आई परवा फोनवर म्हणाली, ‘गावातले लोक आले होते वस्तीवर.’ सगळ्याचं नाव घ्यायचं आणि अर्थ मात्र एका भागाचा घ्यायचा. संशोधन करताना मी स्वतः पहिल्या मसुद्यात तीन ठिकाणी ‘गावकरी आणि दलित’ असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं आणि मग बराच वेळ मी काही लिहू शकले नाही.

काही अलंकार भराभर सांगते, कारण ते तुम्हाला अनुभवानंच येतात. व्याजोक्ती म्हणजे खरं कारण लपवून दुसरंच कारण पुढं करणं. या शहरात खोली शोधलीत ना? फोनवर खोली रिकामी असते. मग गाव विचारतात, आडनाव विचारतात, घरी काय खाता विचारतात, आणि खोली सकाळीच गेलेली असते. ही व्याजोक्ती. अपन्हुती मघाशी सांगितली: हे हे नव्हेच, हे ते आहे. ‘हा भेदभाव नव्हे, ही आमची परंपरा आहे.’ ‘इथं जात वगैरे काही नाही, इथं फक्त गुणवत्ता.’ व्याजस्तुती म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा: ‘वा, तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत, वाटत नाही!’ काय वाटत नाही, ते वाक्य कधीच पूर्ण होत नाही.

चेतनगुणोक्तीपाशी मात्र थांबावं लागेल. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं दाखवणं. झाडं बोलतात, वारा रुसतो, शाळेत गोड उदाहरणं असतात. वर्तमानपत्रातली बघा. ‘सेप्टिक टाकीनं घेतला तिघांचा बळी’ अशा धाटणीचा मथळा तुम्ही वाचला असेलच. टाकीनं! टाकीला हात आहेत, तोंड आहे, ती दबा धरून बसली होती. ज्यानं त्यांना सुरक्षेच्या साधनांशिवाय खाली उतरवलं तो मुकादम वाक्यात नाही. कंत्राटदार नाही, सोसायटीचा सचिव नाही, पालिका नाही. २०१३ च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कुणाला कामाला लावणं हा गुन्हा आहे. गुन्हा असेल तर गुन्हेगार हवा. चेतनगुणोक्तीनं गुन्हेगार नेमला: टाकी. आत गुदमरलेल्यांची जात कोणती असते हे आपल्याला बातमी उघडायच्या आधी माहीत असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. भरपाई वाढली, पण मथळ्याचा कर्ता अजून टाकीच आहे.

आणि त्या मथळ्यातला ‘बळी’ हा शब्द. एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात तो श्लेष. दिवाळीत पाडव्याला आमच्या बायका ओवाळताना बळीचं राज्य येऊ दे म्हणतात. तो बळी आपला राजा. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त त्यालाच मधोमध उभं केलं. आणि ‘बळी गेला’ म्हणजे मारला गेला. एकाच शब्दात राजाही आहे आणि मारला गेलेलाही. हा श्लेष कुणा कवीनं जुळवलेला नाही.

माझं संशोधन तक्रार अर्जांच्या भाषेवर आहे. एक प्रसंग सांगते, गाव-तालुका सांगत नाही. एका बाईला भर चौकात, लोकांसमोर, जातीवरून शिव्या दिल्या होत्या. अर्ज लिहायला तिचा पुतण्या बसला होता. बीए झालेला, घरातला पहिला पदवीधर, तुमच्या-माझ्यासारखा. अक्षर सुरेख. त्यानं लिहिलं, ‘सदर इसमाने अर्जदारास अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून अपमानित केले.’ वाक्याला नावं ठेवायला जागा नाही. व्याकरणशुद्ध, कार्यालयीन, सभ्य. यालाच पर्यायोक्ती म्हणतात. गोष्ट सरळ न सांगता आडवळणानं सांगणं. शाळेतलं उदाहरण आठवतं? ‘तुरुंगात आहे’ म्हणायच्या ऐवजी ‘सरकारी पाहुणचार घेतोय’.

पण अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ चा, २०१५ साली दुरुस्त झालेला, त्यातलं कलम ३(१)(एस) काय म्हणतं? लोकांच्या नजरेसमोर, जातीच्या नावानं शिवी देणं. जातीच्या नावानं! आता अर्ज पुन्हा वाचा. जात कुठं आहे? चौक कुठं आहे? लोक कुठं आहेत? सगळं ‘अर्वाच्य’ या एका शब्दानं गिळलं. अर्वाच्य म्हणजे जे बोलू नये ते. आणि न बोललेल्या शब्दावर खटला उभा करायचा.

पुतण्याचा दोष नव्हता. त्याला, मला, आपल्या सगळ्यांना शाळेनं हेच शिकवलं की घाण शब्द कागदावर आणायचा नाही. काव्यशास्त्रात दोषांची यादी आहे, त्यात ‘ग्राम्य’ नावाचा दोष आहे. खेडवळ शब्द वापरला की काव्य बिघडतं. आपण पहिल्या पिढीचे लोक या दोषाला सगळ्यात जास्त घाबरतो. आपल्या घरची भाषा हाच तो दोष, असं वाटून आपण इतकी धुतलेली भाषा लिहितो की त्यात आपल्यावर झालेला अत्याचारही धुऊन जातो.

त्या दिवशी तालुक्याहून आलेल्या एका वकील बाईंनी सांगितलं, मावशी, तो जे बोलला ते शब्दाला शब्द सांगा. मावशी गप्प. पुतण्यासमोर कसं बोलायचं? मग ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि एकेक शब्द म्हणाली. पुतण्यानं एकेक शब्द लिहिला. लिहिताना त्याचं ते सुरेख अक्षर हलत होतं. कुठं घडलं, समोर कोण होतं, तेही लिहिलं. दुसऱ्या अर्जात एकही अलंकार नव्हता. मी आजवर वाचलेल्या मराठी गद्यात त्या पानाइतकं कठीण पान दुसरं नाही.

मग अलंकार सोडूनच द्यायचे का? आपल्या माणसांनी सोडले नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. समाज म्हणजे एक शरीर: ब्राह्मण मुख, राजन्य बाहू, वैश्य मांड्या, आणि पायांपासून शूद्र. या रूपकाची ताकद कशात आहे पाहा. शरीरात अवयवांची जागा बदलत नाही. पायानं तोंडाची जागा मागितली तर ते बंड ठरत नाही, ते हास्यास्पद ठरतं. आजही भाषणांत सांगतात की आपण सगळे एकाच देहाचे अवयव, मग भांडण कशाला? पाय कोण, ते मात्र कुणी बोलत नाही.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त काय केलं? त्यांनी या रूपकाशी तात्त्विक वाद घातला नाही. त्यांनी ते शब्दशः घेतलं. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात प्रश्न येतो: ब्राह्मण मुखातून जन्मला तर ब्रह्म्याच्या मुखात गर्भ राहिला असणार, मग तिथं विटाळही होत असणार, चार अवयव, चार गर्भाशय, मग महिन्यातले किती दिवस तो बाजूला बसत असेल? वाचताना हसू येतं. पण युक्ती ओळखा. लक्षणेला त्यांनी अभिधेवर आणून आपटलं. आणि ज्या विटाळानं बायकांना आणि शूद्रातिशूद्रांना दूर बसवलं तोच विटाळ नेऊन ब्रह्म्याला लावला. उपमेय-उपमान सगळं उलटंपालटं. त्याच पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना आहे; म्हणजे जातीला उपमान शोधायला ते चंद्र-कमळाकडं गेले नाहीत, समुद्रापलीकडच्या गुलामांकडं गेले.

बाबासाहेबांचं पहिलं पाक्षिक, ३१ जानेवारी १९२०. नावच बघा: मूकनायक. जो मुका तो नायक कसा? विरोधाभास. पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. आता आपल्या समाजशास्त्राची संज्ञा शेजारी ठेवा: स्तरीकरण. ही पण उपमाच आहे, भूगर्भशास्त्रातून उचललेली. खडकांचे थर. थर कुणी रचत नाही, ते लाखो वर्षांत आपोआप साचतात. मनोरा मात्र कुणीतरी बांधलेला असतो. गवंडी असतो, मालक असतो, आराखडा असतो, आणि जिना ठेवायचा राहून गेला नाही, तो ठेवलाच नाही. ‘शास्त्रीय’ शब्द अपराधी लपवतो आणि उपमा त्याला पकडते, असं इथं उलटं घडलं आहे. आम्हाला एमएला स्तरीकरणाचे चार सिद्धांत होते. मनोरा कुठल्याच घटकात नव्हता.

शब्द कुणी ठेवायचा यावर तर प्रत्यक्ष लढाई झाली. ‘हरिजन’ हे गोड नाव कायद्यात घालायला बाबासाहेबांच्या पक्षानं १९३८ साली मुंबई विधानसभेत विरोध केला आणि सभात्याग केला. गोड नावाला एवढा राग कशाला, असं तेव्हाही लोक म्हणाले. ज्यांना पर्यायोक्ती कळते त्यांना तो राग कळतो. आणि १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी शिवीच आत्मकथनाचं नाव केली: ‘अक्करमाशी’. सोन्याचा तोळा बारा माशांचा. अकरा माशे भरला की कमअस्सल. माणसाच्या जन्माला सोनाराच्या काट्यावर तोलणारं हे रूपक. ते मुखपृष्ठावर आल्यावर प्रश्न माणसाला विचारायचा राहिला नाही. तो काट्याला विचारावा लागला.

एक तक्रार आपल्या लोकांविषयीही आहे, रागावू नका. आपल्या भाषणांत, गाण्यांत, निमंत्रणपत्रिकांत बाबासाहेब सूर्य असतात आणि त्यांच्याआधी अंधार असतो. सूर्य मला मान्य आहे, जयंतीला मीही ती गाणी मोठ्यानं गाते. अडचण अंधाराची आहे. ‘आमच्या आया अंधारात होत्या’ असं म्हणताना आपण आजीला काय म्हणतो? भुई तव्यावानी म्हणणारी, कातडं हातानं चाचपून जनावराचं वय सांगणारी, सावकाराचा हिशोब तोंडी धरून ठेवणारी बाई अंधारात होती? तिला अडवलेलं होतं. अडवलेल्या माणसाला आंधळं म्हटलं की अडवणारा सुटतो.

आता पायताणांची गोष्ट. माझे अण्णा तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर बसतात, रापी, आरी आणि एक फाटकी छत्री घेऊन. मागच्या दिवाळीत मी त्यांना विचारलं, अण्णा, चांभारचौकशी म्हणजे काय हो? त्यांना वाटलं मी कामाबद्दल विचारतेय. त्यांनी समोरची एक चप्पल उचलली आणि सांगायला लागले. टाच बाहेरून झिजली की माणूस पाय फाकून चालतो, ओझ्याची सवय असते. डाव्या अंगठ्याखाली भोक पडलं की शिलाई मशीनवर बसणारी बाई. दोन्ही चपला सारख्या झिजल्या की चालणं कमी, गाडीवर फिरणारा. नवा तळ लावायच्या आधी हे विचारावंच लागतं, कुठं जाता, किती चालता, काय उचलता. नाही विचारलं तर पंधरा दिवसांत पुन्हा इथंच येतो बाबा, आणि शिव्या मला देतो.

विहिरीबद्दल मी त्या दिवशी हेच विचारत होते.

प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव मी सध्या ‘चांभारचौकशी’ ठेवलं आहे. मार्गदर्शक म्हणतात, परीक्षकांना रुचणार नाही, बदल. अण्णांना विचारलं तर म्हणाले, ‘नाव ऱ्हाऊ दे. पण आतली शिवण पक्की घाल.’ अजून ठरलेलं नाही.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकानं आपल्या गावाकडच्या वर्तमानपत्रातलं एक पान घेऊन या, जिल्हा आवृत्तीचं. ‘गाव’ आणि ‘ग्रामस्थ’ हे शब्द पेन्सिलीनं गोल करायचे आणि शेजारी लिहायचं, यात आपण आहोत की नाही. चहा निवतोय. प्रश्न विचारा.